डाव्या हाताचा टूलबार

३ मार्च

—आणि टूलबारवरचं छपाईचं बटणही काढून टाकलं. तक्ता घालायचं, चित्र फिरवायचं, रंग भरायचं, सगळी गेली. उरली ती मोजकी आणि मोठी. अर्धांगाचा झटका आल्यापासून नवऱ्याचा उजवा हात मांडीवर पडून असतो. डाव्या हाताने माउस धरला की पडद्यावरचा बाण भरकटतो. भलतंच काही दाबलं जायला नको.

तो शेजारच्याच खोलीत होता. काय चाललंय, विचारलं नाही.

४ मार्च

शीर्षक, लेखकाचं नाव, मजकूर, कविता—प्रत्येकाची शैली ठरवून टाकली. एकाच फाइलमधून त्याच्या त्रैमासिकाचा छापील अंकही निघेल, वेबसाइटची पानंही. वेबसाठी काढताना मागे फालतू कोडचा कचरा राहत होता. एका कळीसरशी तो पुसणारा मॅक्रो लिहिला. सगळे शॉर्टकट कीबोर्डच्या डाव्या अंगाला आणले. फुकटचा वर्ड प्रोसेसर, पण काही सांगितलं की मुकाट ऐकतो.

५ मार्च

नणंद येऊन गेली. मोठमोठी बटणं बघून म्हणाली, "वहिनी, दादाला खेळणं करून दिलंस की काय?"

"खेळणं नाही गं," तो म्हणाला. "पांगुळगाडा."

हसला तोच. आम्ही दोघी नाही.

७ मार्च

संपादकीय लिहायला बसला. मुद्रकाला फोन करून सांगितलं, अंक येतोय. पलीकडून म्हणे, "सावकाश, साहेब. घाई नाही." त्यावरून दिवसभर धुसफुस! "हाच माझ्या मानगुटीवर बसायचा. पानं द्या, पानं द्या! आता घाई नाही!"

जेवताना म्हणाला, "हा अंक माझ्या हातून निघाला नाही तर त्रैमासिक बंद. तसं छापून टाकायचं आणि मोकळं व्हायचं."

९ मार्च

दुपारी तो झोपला असताना संपादकीय वाचलं. अक्षरं गळलेली. एक वाक्य दोनदा. एक परिच्छेद मध्येच सोडून दिलेला, पुढचा भलतीकडून सुरू.

दुरुस्त केलं. बदलांची नोंद चालू ठेवली—जुनी सवय. कुणी काय बदललं ते प्रोग्रॅम नावासकट धरून ठेवतो. नको असेल ते नाकारता येतं, मूळ मजकूर परत येतो. खुणा मात्र लपवल्या. त्या दाखवणारं बटण त्याच्या टूलबारवर नाहीच.

१० मार्च

संध्याकाळी त्याने वाचलं.

"बरं जमलंय की!"

मी भाजी चिरत होते. हो म्हटलं.

१२ मार्च

सकाळी तो लिहितो, दुपारी मी. आज दोन परिच्छेद सांधायला एक वाक्य माझ्या पदरचं घातलं. नेमकं तेच त्याने नणंदेला फोनवर वाचून दाखवलं. मग थांबला. फोन ठेवून माझ्याकडे वळला.

"हे मी कधी लिहिलं?"

"परवा असेल," मी म्हटलं.

"चांगलं आहे."

१३ मार्च

काही विशेष नाही.

१४ मार्च

अंकाची पानं लावून झाली. बाकीचे लेख मी तपासले, संपादकीय तेवढं त्याच्याकडे. उद्या फाइल पाठवायची. चहा झाल्यावर म्हणाला, "शेवटचा हात मी फिरवतो. तू नको बसूस."

दार लोटून घेतलं.

१५ मार्च

सकाळी टेबलाशी गेले. सगळी बटणं परत आली होती. मेनू मुळात होता तसा. संपादकीय उघडंच होतं: माझा एकूण एक बदल नाकारलेला. गळलेली अक्षरं, दोनदा आलेलं वाक्य, अर्धा परिच्छेद—सगळं जागच्या जागी.

मुद्रकाचा फोन आला. "वहिनी, साहेबांनी फाइल पाठवलीय. पण संपादकीयात चुका फार आहेत हो. थांबवू का?"

तो दारात उभा होता.

मी म्हटलं, "छापा."