टिटवीचं लंगडणं

कोळवण,
शनिवार, दुपार

प्रिय दिशा,

अक्षर वाकडंतिकडं आलंय ते पडल्या पडल्या लिहितेय म्हणून. हात थरथरतोय असं समजू नकोस. तुझ्या भावाच्या, रोहितच्या मोटारसायकलचा आवाज आला की कागद उशीखाली सारते आणि कण्हायला लागते. आत्ताच एकदा झालं तसं, पण तो दूधवाला निघाला. फुकट कण्हले.

खालच्या खाचरात यंदाही टिटवीने अंडी घातलीत. तीच जागा, उघड्यावर, ढेकळांत ढेकूळ दिसावं तशी. दहावीच्या सुट्टीत तू तासभर बांधावर पालथी पडून राहिली होतीस, आठवतं? आपला मोत्या हुंगत हुंगत अंड्यांजवळ गेला, तशी टिटवी पंख मोडल्यासारखी लंगडत, धडपडत दुसरीकडेच निघाली. मोत्या अंडी विसरून तिच्या मागे. लांब नेलंन् त्याला आणि भुर्रकन उडाली. मी म्हटलं, काय नाटकी बाई आहे! तू रागावलीस. म्हणालीस, आई, ती ठरवून नाही करत. हजारो पिढ्यांत ज्या टिटव्या अशा लंगडल्या त्यांची पिल्लं जगली, बाकीच्यांची खाल्ली गेली, म्हणून आता ते तिच्या रक्तातच आहे. लिंबाच्या झाडावरची अळीही दाखवलीस, हुबेहूब पाखराच्या शिटेसारखी, कुणी चोच लावू नये म्हणून. मी अंगणवाडीतल्या पोरांना वर्षभर तेच सांगत होते.

तेव्हापासून तू त्याच अभ्यासात, आता तर पार डेहराडूनला. जेवतेस ना वेळेवर?

इकडे ते खाचर विकायचं घाटतंय. पुण्याच्या कुणा साहेबाला फार्महाऊस बांधायचंय. तुझे बाबा गेल्यापासून सातबाऱ्यावर आपली तिघांची नावं, म्हणजे सह्याही तिघांच्या. दिशाला विकायचं नाही, मलाही नाही, असं मी रोहितला सरळ सांगून पाहिलं. "तिला काय करायचंय जमिनीचं? ती काय परत येणारे व्हय हितं?" म्हणाला, आणि ताट सारून उठला. दोन दिवस घरात जेवला नाही. भांडायला मी कमी नाही, पण पोरगा उपाशी उठला की माझं सगळं अवसान गळतं. हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

मग मी लंगडले. पौडला सहीला निघालो तर जीपमध्येच भोवळ आणली. दुसऱ्या खेपेला कचेरीत रजिस्ट्रार साहेबांसमोर स्वतःचं नाव विसरले, तुझ्या बाबांचंही. साहेब म्हणाले, आधी बाईंना बरं होऊ द्या. परत येताना हसू दाबता दाबता रडू आलं, कारण रोहितने मला उचलून जीपमध्ये बसवलं आणि तो खरंच घाबरला होता गं. टिटवीचं बरं असतं, कुत्रा काही तिच्या पोटचा नसतो. घरी आल्यावर त्याने स्वतः पेज करून दिली, ती मी निमूट प्याले.

तीन आठवडे अशी पडून आहे. पाठ धरलीय, आणि जिवाला स्वस्थता म्हणून नाही. तूच म्हणाली होतीस, पाखरं शिकतात तसे कोल्हेही शिकतात. काल तो ओटीवर फोनवर बोलत होता आणि मी भिंतीला कान लावला. "आईचं नाव घेतलं की दिशा पळत यील. सोमवारी तिची सही झाली, की आईचा अंगठा काय, घरी बी घेता यील."

म्हणून हे पत्र. आज-उद्या त्याचा फोन येईल. रडेलही. म्हणेल, आई शेवटचं बघून घ्यायला बोलावतेय; आणि जाता जाता म्हणेल, आधार कार्ड आन् दोन फोटो घिऊन ये. येऊ नकोस. मी ठणठणीत आहे, सकाळी चोरून दोन भाकऱ्या खाल्ल्या. माझा मोबाइल त्याच्याकडे असतो. अंगणवाडीतली कल्पना चारला मला बघायला येईल, ती या कागदाचा फोटो काढून तुला पाठवेल. तिने तोंडी सांगितलं असतं तर तुला पटलं नसतं, माझं अक्षर तू ओळखतेस. एकच गोष्ट मला सारखी कुरतडते. कधीतरी मी खरोखरच पडेन, आणि असाच फोन येईल, याच रडक्या आवाजात. तेव्हा खरं-खोटं करत बसू नकोस, पोरी, ये. फक्त आधार कार्ड तिकडेच ठेवून ये.

तुझीच,
लबाड आई