चुकांची वही

२ जून
वॉर्डात आज नवी वही आली. मॅनेजरसाहेबांनी सगळ्या नर्सना उभं करून सांगितलं— चूक झाली, किंवा होता होता टळली, की हिच्यात लिहायचं. नाव घालायचं नाही. "कुणावर ॲक्शन नाही. शिकायचं, बस्स!" मागून पार्वतम्मा पुटपुटली, "बघू की." वीस वर्षं झाली तिला इथं.

९ जून
वही कोरी.

१४ जून
पहिली नोंद! अँटिबायोटिक कालवायला पाण्याची कुपी म्हणून घेतली, ती पोटॅशियमची ॲम्प्युल निघाली— तसंच शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. टोचायच्या आधी नाव वाचलं म्हणून पेशंट वाचला. खाली लिहिलंय— दोन्ही सारख्याच दिसतात, एकाच ट्रेमध्ये असतात, वेगळ्या ठेवा. अक्षर पूनमचं. मंगळवेढ्याकडची पोरगी, नोकरीला वर्षही नाही. मला लई बरं वाटलं.

१६ जून
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "सिस्टर, तुम्ही वॉर्डच्या इनचार्ज. हे कुणी लिहिलं?" नाव घ्यायचं नाही असं ठरलंय, म्हटलं. "अहो, शाबासकी द्यायचीय!"
खरं सांगायचं तर मला ते पटलं नव्हतं. तरी नाव सांगितलं.

१८ जून
पूनमला मेमो. निष्काळजीपणा! ट्रे आहे तिथंच. जिन्यात रडत होती— "मी तर पेशंट वाचवला की, सिस्टर!" पाठीवरून हात फिरवला. नाव मीच सांगितलं, हे बोलले नाही.

३० जून
पूनम नोकरी सोडून गेली. मोहोळला एका दवाखान्यात लागली म्हणे.

२५ जुलै
त्यानंतर वहीत एक अक्षर नाही. मीटिंगमध्ये साहेब खूश— "झिरो एरर!" टाळ्या. मीही वाजवल्या.

११ ऑगस्ट
वळसंगचे हिंदुराव. हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, उद्या घरी जायचे होते. पार्वतम्मानं अँटिबायोटिक दिलं. "हात जळतोय गं," म्हणाले, आणि मान टाकली. पाण्याऐवजी पोटॅशियम! अर्धं आत गेलं होतं. नाडी थांबली. छाती दाबून दाबून माझे हात भरून आले, तेव्हा कुठं परत लागली. आयसीयूत आहेत.

१२ ऑगस्ट
पार्वतम्मा स्टोअररूममध्ये जमिनीवर बसलेली. म्हणाली, आधी दोनदा तीच ॲम्प्युल हातात आली होती. वाचून परत ठेवली. मग लिहिलं का नाहीस? ती म्हणाली, "पूनमचं काय झालं, बघितलं की सगळ्यांनी."
हिंदुरावांच्या बायकोला, रंभाबाईंना, साहेबांनी सांगितलं, हृदय मुळातच कमजोर होतं. मी फाईल धरून शेजारी उभी होते.

१३ ऑगस्ट
पोटॅशियमच्या सगळ्या ॲम्प्युल वेगळ्या कपाटात नेल्या. कुलूप लावलं. कुणालाच विचारलं नाही. दहा मिनिटांचं काम! दहा मिनिटं.

१५ ऑगस्ट
हिंदुराव शुद्धीवर आले. रंभाबाई माझ्या पाया पडायला वाकल्या. "तुमीच वाचवलं माझ्या मालकाला." मी मागं सरले. तरी खरं काय ते तोंडातून निघालं नाही.

१७ ऑगस्ट
पूनमला फोन लावला. तुझं नाव मीच सांगितलं होतं, म्हटलं. ती म्हणाली, "ठाऊक हाय, सिस्टर. म्हणून तर परवा हितं माझ्या हातनं चुकलं, तवा मी कुनालाच सांगितलं न्हाय."