रफीक मास्क काढत नाही

२४ जानेवारी १९९१
सौदीतल्या अबहाच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या कंपनीच्या गिर्यारोहण छावणीत आज पोचले. लख्ख ऊन, गार हवा, ढग पायाखाली. दम्मामच्या सायरननंतर हा स्वर्गच! लढाई सुरू होताच डोंगर चढायला आलेले साहेब मायदेशी परतले. आता पूर्वेकडची भारतीय कुटुंबं इथे हलवणार, म्हणून मला दवाखाना मांडायला पाठवलं आहे. तूर्त आम्ही चौघं. चढाई शिकवणारा साताऱ्याचा उमाकांत, जनरेटर सांभाळणारा रत्नागिरीचा रफीक, आणि स्वयंपाकाला त्याची बायको शरफुन्निसा. तिला सहावा महिना आहे. तपासलं, सगळं ठीक. आल्याआल्या मी भांडी पुन्हा घासायला लावली. म्हणते कशी, सिस्टर, तुमच्या धाकाने इथली माकडंसुद्धा हात धुऊन जेवतील. धीट पोरगी आहे.

२६ जानेवारी
वादळी वारा. तंबू उतरवून सगळे पत्र्याच्या खोलीत आलो. फटींतून धूळ येते, जीव घुसमटतो. उमाकांतने सुचवलं, हल्ल्याच्या भीतीने वाटलेले गॅस मास्क चढवू. मला ते पटलं नव्हतं. पण शरफुन्निसाचा खोकला थांबला, म्हणून गप्प बसले. डिझेल संपत आलंय. मी नको म्हणत असताना रफीक मास्क लावूनच जीप घेऊन खाली गेला. चहा उकळेपर्यंत येतो म्हणाला.

२७ जानेवारी
रफीक सकाळी आला, पायी. जीप अडकली असावी, असं उमाकांत म्हणतो; रफीक काहीच बोलत नाही. शरफुन्निसा आधी रडली, मग त्याला चहावरून चांगलं झापलं. त्याने मास्क काढला नाही. चहाही घेतला नाही. मी नाडी बघायला गेले, तर हात मागे घेतला.
इतक्या धुळीतून आला, आणि कपड्यांवर कण नाही.

२८ जानेवारी
रफीक अजून उपाशी. त्याने आणि उमाकांतने मिळून डिझेल विकलं, मारामारी झाली, म्हणून हा तोंड लपवतोय? उमाकांतला सरळ विचारलं. भडकला. तुम्हाला सगळे चोरच दिसतात का, म्हणाला. मग आवाज उतरला. म्हणाला, आपल्या मास्कमधून घरघर येते, सिस्टर. त्याच्या मास्कमधून येत नाही.
मी कान देऊन ऐकलं. येत नाही.

२९ जानेवारी
दुपारी वायरलेस लागला. खालच्या चौकीचा निरोप. जीप दरीत सापडली. आत रफीक. खिशातल्या इकाम्यावरून, राहण्याच्या परवान्यावरून, ओळखला. मरून तीन दिवस —
शरफुन्निसा त्याच्याशेजारी बसली आहे. तिला कसं सांगू? या दिवसांत?
तपासायचंय म्हणून हाक मारली. नंतर, म्हणते.

तिने त्याचा हात पोटावर ठेवलाय. हसतेय.

सांगितलं. शांतपणे ऐकलं तिने. म्हणाली, मला पहिल्याच दिवशी कळलं, सिस्टर. पण आला ना.

दोघं उठली. घरी जायचं म्हणते. या वाऱ्यात — दाराला पाठ लावून बसले आहे. लिहीत राहते, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील.
वाट सोडा, म्हणते. नाही सोडणार. माझी पेशंट आहे ती.
तो पुढे आला. स्वतःच मास्कचा पट्टा सोडतोय. उमाकांतने डोळे मिटले. मी मिटणार नाही —
मास्कच्या आत —