गालाची पेशी

वाशीम,
३ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आबा,
वर्षाराणीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तुम्ही मनाचं लावता, म्हणून पत्रच लिहिते. मी खुशाल आहे. बी.एस्सी.चा अभ्यास जड जातो, पण गोडी लागली आहे. होस्टेलच्या भाजीत भाजी शोधावी लागते, हे आजीला सांगू नका, नाहीतर ती डबा घेऊन इथे येऊन बसेल.

सोमवारी आमची पहिली पेशी झाली, कांद्याची. जोडीदारणीचं काम चटकन झालं, माझं काही केल्या जमेना. मॅडम रागावल्या. आता पुढच्या आठवड्यात गालाची पेशी आहे. ती तरी नीट पार पडावी, असा आशीर्वाद द्या.

लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

तुमची नात,
वर्षाराणी

केनवड,
८ सप्टेंबर

चि. वर्षाराणीस आबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून भरल्या ताटावरून उठलो. शिकायला पाठवली आणि एवढ्यात कोर्टाची पेशी? तीही कांद्यावरून? कांदे होते कुणाचे? आणि हे गालाचं प्रकरण काय आहे? तू कुणाच्या गालावर हाणली, की तुझ्या गालावर कुणी? तुझी आजी सकाळपासून एकच धरून बसली आहे, की पोट्टीले काहून धाडलं तिकडं. मी वकिलांना विचारून आलो. ते म्हणाले, मुलीने तोंड उघडू नये, सरळ पुढची तारीख मागावी. त्या मॅडम म्हणजे जज्ज का?

पेशीचा अनुभव मला विचार. धाकट्या भावाशी, नथ्थूशी, आमच्या दोन शेतांमधल्या बांधाची, धुऱ्याची केस लढता लढता डोक्यावरचे केस गेले. धुरा त्याने सरकवला असं मी म्हणतो, मी सरकवला असं तो म्हणतो. पेशीला आम्ही एका गाडीनेसुद्धा जात नाही. त्याची नात राधिका तुझ्याच कॉलेजात आहे, असं कानावर आलं. तिच्याशी बोललीस असं कळलं, तर त्याच दिवशी पेटी भरून घरी यायचं. शिक्षण पुरे. हे मी गमतीत लिहीत नाही.

सोयाबीन शेंगांवर आहे. बाकी ठीक.

रागावलो म्हणजे माया आटली असं समजू नये.

जगदेव

वाशीम,
१४ सप्टेंबर

तीर्थरूप आबा,
सा. न. वि. वि.

हसून हसून पोट दुखलं. अहो, कोर्टाची नाही, शरीरातली पेशी! कांद्याचा पातळ पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की ओळीने खोल्या मांडल्यासारख्या दिसतात, त्या पेशी. आत बहुतेक पाणीच. त्यात थोडं मीठ, साखर, प्रथिनं. एवढ्या सामानावर सगळा जीव चालतो. वरून मिठाचं पाणी सोडलं तर आतलं पाणी बाहेर पडतं आणि आतला भाग भिंतीपासून सुटून आकसतो. साधं पाणी दिलं की पुन्हा फुगतो. ही भिंत झाडाच्या पेशीला असते. माणसाच्या पेशीला भिंत नसते. नुसता पातळ पडदा असतो, आणि त्यातून पाणी ये-जा करतं.

गाल माझाच होता. आतून टूथपिकने हलकेच खरवडायचा, काचेवर लावायचा आणि निळा रंग टाकायचा. कुणी कुणाला मारलेलं नाही, हे आजीला सांगा.

आता खरं सांगते. माझी जोडीदारीण राधिकाच आहे. एका सूक्ष्मदर्शकावर दोघी, आणि मॅडमनी जोड्या आडनावावरून लावल्या. आडनाव एकच आहे, त्याला मी काय करू? गालाच्या पेशीच्या दिवशी काचांवर नावं घालायला आम्ही विसरलो आणि काचा मिसळल्या. कुठली माझी, कुठली तिची, मॅडमना सांगता येईना, आम्हालाही येईना. राधिका म्हणाली की कोन्तीबी घे, दोनी आपल्याच हायेत. आबा, मला तिथे वर्गातच रडू आलं.

मला शिकायचं आहे, पण तिच्याशी बोलणं तुमच्यापासून लपवून नाही. दिवाळीला तिला आपल्या घरी आणायची इच्छा आहे. नको म्हणालात तर पेटी भरते आणि येते.

चुकलं असेल तर रागवा, पण पत्र बंद करू नका.

वर्षाराणी

केनवड,
२४ सप्टेंबर

चि. वर्षाराणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही. आजी म्हणाली, बरं झालं, घरात शांतता आहे. माणसाच्या पेशीला भिंत नसते, हे तुझं म्हणणं मान्य. पण पेशीच्या शेजारी नथ्थू राहत नाही.

काल रिसोडला पेशी होती, कोर्टाची. बाहेर बाकावर बसून तुझं पत्र पुन्हा वाचत होतो. पुकारा झाला तो मला ऐकूच आला नाही. कुणीतरी खांदा हलवला आणि कानाशी ओरडलं, की दादा, ऊठ, आपली पेशी हाय. पाहतो तर नथ्थू. केस लागल्यापासून त्याने मला दादा म्हटलं नव्हतं.

आत पुढची तारीख मिळाली. बाहेर येऊन मी तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने चष्मा आणला नव्हता, म्हणून मीच वाचून दाखवलं. काचा मिसळल्या ते त्याने मला दोनदा वाचायला लावलं. मग त्याने विचारलं, की पोट्ट्या कवा येऊन राह्यल्या.

केस संपलेली नाही. खरा धुरा कुठला, हे मी अजूनही सांगू शकतो. पण तू कॉलेज सोडायचं नाही. दिवाळीला दोघी मिळून या. फाट्यावर तुम्हाला घ्यायला आम्ही दोघे येतो.

तब्येतीला जपा, एकमेकींनाही जपा.

तुमचा दोघींचा,
आबा