निळ्या टाक्यांचा चेंडू

मिलर्स बेंड, ओहायो
ता. १४ सप्टेंबर १८८८

आदरणीय हॅस्किन काकूंना वेंडेलचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. गुडघ्याचं दुखणं कमी झालं हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. हे पत्र कच्चं लिहून तिसऱ्यांदा उतरवतो आहे. खाडाखोड तुम्हाला आवडत नाही, असं तुमचा लेम सांगायचा.

तुम्ही विचारलंत, लेम गेला कुठे, आणि त्याच्याबरोबर कोणी बाई होती का. मॅनेजरशी भांडला आणि संघ सोडून निघून गेला, असं इथे सगळे म्हणतात. मीही तसंच म्हणत आलो.

आमचा बेसबॉलचा हंगाम बरा चालला आहे. फक्त एक गोष्ट घडते आहे. आमच्या सामन्याला पंच एकच, आणि तो फलंदाजापाशी. मैदानाच्या टोकाला गुडघाभर गवत, त्यापलीकडे दलदल. म्हणून मी गवतात एक जादा चेंडू लपवून ठेवतो. खरा हरवला की हा फेकायचा. सगळेच संघ करतात, काकू. गेले तीन शनिवार मी गवतात हात घालतो, तर माझा चेंडू तिथे नसतो. त्या जागी दुसराच असतो. ओला, गार. गेल्या शनिवारी आमचा झेल घेणारा गस ओरडला, “काय रे वेंडेल, चेंडू धुऊन वाळत घालतोस की काय? लग्न कर लेका!” सगळे हसले. मीही हसलो.

त्या चेंडूला निळ्या दोऱ्याचे टाके आहेत. लेम फाटके चेंडू तुमच्याकडे शिवायला आणायचा. निळा दोरा घातलेला एकच होता. तो चार ऑगस्टच्या सामन्यात शेवटच्या फटक्यानंतर कोणीही पाहिलेला नाही.

आम्ही एका धावेने पुढे होतो. नदीवरून धुकं चढलं होतं. फटका लेमच्या डोक्यावरून थेट दलदलीत गेला. लेम त्याच्यामागे धावला. इकडे त्यांचा गडी धाव पुरी करायला घराच्या ठाण्याकडे सुटला होता. पोचला असता तर बरोबरी. मी लपवलेला चेंडू फेकला. गडी बाद. सामना संपला. लोक मैदानात घुसले आणि त्यांनी मला खांद्यावर उचललं.

खांद्यावर असताना मला हाक ऐकू आली.

“वेंडेल! सापडला रे! हात दे, पाय रुतलाय!”

पंच माझ्याकडेच बघत होता. लेम दुसरा चेंडू घेऊन बाहेर आला असता तर निकाल फिरला असता. मी टोपी काढून लोकांना हलवून दाखवली. आणखी एक हाक आली. मग नाही आली. अंधार पडायच्या आत मी तिथे गेलो, तेव्हा चिखल सपाट होता. त्यावर त्याची टोपीसुद्धा नव्हती.

काकू, कोणी बाई नव्हती.

उद्या शनिवार. सामन्याआधी मी शेरीफकडे जाऊन हे सगळं सांगणार आहे, आणि फळ्या, दोर, माणसं घेऊन जागा दाखवणार आहे. मोडक्या विलोच्या खोडापासून वीस पावलं. त्यांनी मला कोठडीत टाकलं तरी जागा आधी दाखवीन.

चेंडू पत्रासोबत पाठवतो आहे. तो तुमचा आहे. सहा दिवस पेटत्या शेगडीजवळ ठेवला होता. गुंडाळायचा कागद दोनदा बदलला. तुमच्या हाती येईल तेव्हाही ओलाच असेल, घाबरू नका.

पहिलीच हाक ज्याला स्पष्ट ऐकू आली, तो
वेंडेल प्राउटी