एक्केचाळीस नंबरची वही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, नगरपालिकेची निवृत्त लघुलेखिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या टाइपरायटरवर, पूर्ण शुद्धीवर आणि राजीखुशीने करत आहे. बुद्धी शाबूत आहे, चष्म्याचा नंबर तेवढा वाढला आहे. कुणाचा दबाव नाही. भाच्याने आणून पाहिला, त्याचा उल्लेख पुढे येईल.

कलम १. राहत्या दोन खोल्या, कपाट आणि बँकेतलं खातं धाकट्या बहिणीला. तिने मला जन्मभर "तुझे साहेब" म्हणून चिडवलं. ते खरं असतं तर मी चिडले नसते. आरसा मात्र तिने भिंतीवरून काढू नये, मागे ओल आहे.

कलम २. टाइपरायटर भाचेसुनेला. त्याचा "र" ओळीच्या वर उडतो, दुरुस्त करू नये. सवय होते.

कलम ३. लघुलेखनाच्या वह्या, क्रमांक एक ते चाळीस, वर्तमानपत्रात काम करणाऱ्या भाच्याला. यात दिवंगत नगराध्यक्षांची, म्हणजे साहेबांची, भाषणं आणि ठराव आहेत. तो दोन वर्षं एक्केचाळिसावी मागतो आहे. "मावशी, नेता घरात कसा होता ते लोकांना कळायला नको का?" मी त्याला सांगितलं की ते वहिनींना, साहेबांच्या पत्नीला, विचारायचं होतंस, त्या होत्या तेव्हा. मी ऑफिसात होते.

कलम ४. एक्केचाळिसावी वही. हे कलम लांबेल.

साहेबांना स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिता येत नसत. सांगून लिहून घ्यायची इतकी सवय की पेन धरलं की डोकं बंद. त्यामुळे अर्थसंकल्पाच्या भाषणापासून वहिनींना पाठवायच्या चिठ्ठीपर्यंत सगळं मला सांगत. गाण्याच्या बाईंची पत्रंसुद्धा. या बाई मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या. यापुढे त्यांना "बाई"च म्हणेन, कुठे "ती" असं उमटलं तर खोडणार नाही. मी टाइप करून आणलं की साहेब न वाचता सही करत. तेवढा विश्वास त्यांनी दुसऱ्या कुणावर टाकला नाही आणि मी त्यावर जगत होते.

भाषण सांगताना ते खोलीभर येरझाऱ्या घालत. तिचं पत्र असलं की खिडकीशी पाठमोरे उभे राहत आणि आवाज खाली येई. मला त्या आवाजाचा मत्सर वाटे. तिच्या गळ्याचा, निळ्या शालीचा, पालिकेचा जिना ती कठड्याला हात न लावता चढे त्याचासुद्धा. साहेब माझ्यापासून चार हातांवर उभे असत आणि बोलत तिच्याशी.

छत्तीस वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत कुजबूज सुरू झाली. न्हाव्याच्या दुकानात म्हणत, नळाला पाणी आणतोय ना, मग घरातलं त्याचं तो बघेल. शाळेतले मास्तर म्हणत, जो बायकोला फसवतो तो आपल्याला सोडेल का. मतदानाला बारा दिवस उरले असताना साहेबांनी बाईंना पत्र सांगितलं. आधी शाळेच्या हॉलबद्दल दोन ओळी होत्या. मग हे: "तुम्ही हो म्हणालात तर मी घरी सांगेन आणि लोकांनाही सांगेन. लपवून निवडून यायचं नाही. खुर्ची गेली तर जाऊ दे. गुरुवारपर्यंत कळवा."

ही चार वाक्यं मी वहीत घेतली. टाइप केल्या त्या हॉलच्या दोन ओळी. साहेबांनी सही केली.

गुरुवार गेला. शुक्रवारी त्यांनी बसल्या जागी पत्रक सांगितलं: स्वच्छ पाणी, स्वच्छ चारित्र्य. मास्तरांनी त्यावर मतं दिली. तीन वर्षांत वरच्या वस्तीला पाणी आलं, तेही खरं. पण गावाला त्यांचं जे चारित्र्य आवडलं ते माझ्या मत्सराने घडवलेलं होतं. आणि ज्या दिवशी ते खरं बोलायला निघाले होते, त्या दिवशी याच गावाने त्यांना घरी बसवलं असतं. न्हावी बरोबर की मास्तर, हे मला आजही ठरवता येत नाही. "तुम्ही हो म्हणालात तर" असं ते म्हणाले होते, हेही मी विसरलेले नाही. नाही म्हणाली असती तर ते गप्पच बसणार होते.

बाई त्याच वर्षी शाळा सोडून दुसऱ्या गावी गेल्या. साहेब गेले तेव्हा आल्या, फाटकाशी उभ्या राहिल्या. केस पांढरे झाले होते, ताठ मात्र तशाच. मला म्हणाल्या, "माझ्याबद्दल कधी काही सांगितलं होतं का त्यांनी?"

मी म्हटलं, "नाही. पत्र माझ्याच हातून गेलं असतं ना, मला कळलं असतं."

साहेब गेलेले, वहिनी गेलेल्या, तरी मी तिला ते दिलं नाही. त्यांचं म्हणून माझ्याजवळ तेवढंच होतं.

ती चार वाक्यं आज वेगळ्या कागदावर टाइप करून पाकिटात बंद केली आहेत. पाकीट बाईंच्या हातात द्यावं, भाच्याच्या नव्हे. पालिकेचे निवृत्त रेकॉर्डकीपर हे काम करतील, त्यांना पत्ता दिला आहे. पत्र बदललं ते मी, हेही आत लिहिलं आहे. माफी मागितलेली नाही, ती मला आली नाही. वहीतलं मूळ पान फाडून माझ्या हातात ठेवावं आणि माझ्याबरोबर जाऊ द्यावं; उरलेली वही रेकॉर्डकीपरांनी जाळून टाकावी. शब्द तिचे आहेत, लघुलेखनाच्या खुणा माझ्या हाताच्या आहेत.

कलम ५. नव्या जलकुंभावर साहेबांच्या नावाखाली "निष्कलंक चारित्र्य" कोरायचं घाटत आहे. समिती माझा अभिप्राय मागायला आली होती. त्यांनी "पाणी आणलं" एवढंच कोरावं. त्याला मी साक्षीदार आहे.

ठिकाण: राहतं घर, दुसरा मजला. मंगळवार, नऊ तारीख, सकाळचे साडेदहा.

सही: लघुलेखिका

साक्षीदार: १. शेजारचे चष्मेवाले २. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई

आम्ही दोघांनी वरील मजकूर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून सही केली. चष्मेवाल्यांना दुकान उघडायची घाई होती, पण न वाचता सही लघुलेखिकाबाईंनी करू दिली नाही.