पोत्याएवढी जागा

१ मार्च
उद्यापासून नोकरी. सरकारी योजनेतून सहा महिने, वर्ध्याला ताराचंदजींच्या ठिबक-पाइपच्या एजन्सीत. पगार सरकार देणार, काम ताराचंदजी शिकवणार, मग पर्मनंट. तसं कोणी म्हटलेलं नाही, पण उघड आहे.
रंजिताला सांगितलं, वर्ध्याच्या बाजारात बसणं बंद. ऑफिसरची बायको पोत्यावर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकताना दिसली तर माझ्या करिअरचं काय? ती म्हणे, कडुनिंबाखालची जागा मायच्या वेळची हाय. दोन-तीन बाजार रिकामी राह्यली तं शेजारची मनकर्णाबाई पोतं पसरते, मंग तिले कोणी उठवत नाई. म्हटलं, पसरू दे.

४ मार्च
खुर्ची नाही. पाइपच्या गुंडाळ्यावर बसलो. काम विचारलं. ताराचंदजी म्हणाले, बसून राहा ना, तुमचा पगार मले थोडीच द्याचा हाय. मोठा माणूस. प्रेशर टाकत नाही.

१९ मार्च
संकल्प : स्वतःहून जबाबदारी घ्यायची. घेतली. चहा सांगून आलो.

११ एप्रिल
ऊन. पंखा गुंडाळ्यापर्यंत पोचत नाही. दिवसभर समोरची भिंत बघितली. कंटाळाही येत नाही आता. हा संयम.
रंजिताच्या पदराला सांबाराचा वास. विचारलं. म्हणे, वाडीत गेलती. बरोबर आहे.

२ जून
स्टायपेंड बुटात आणि लॅपटॉपच्या बॅगेत गेला. लॅपटॉप नंतर. तरी घरातला किराणा संपत नाही. काटकसर मला मुळातच जमते.

२० जुलै
आज पर्मनंटचं विचारणार होतो. ते जेवत होते.

२१ जुलै
झोपले होते.

२५ जुलै
मूड नव्हता. माझा.

३० ऑगस्ट
विचारलं. ताराचंदजी म्हणाले, परवापासून नवीन पोरगी येऊन राह्यली, सुरभी, तुमच्याच योजनेतून. तुमाले ठेवलं तं पदरचे द्या लागतीन. सुरभी आजच जागा बघायला आली होती. तिला गुंडाळा दाखवला. कुठल्या बाजूने टोचत नाही तेही सांगितलं.
काही वाटलं नाही. घरी बोललो नाही.

१ सप्टेंबर
बॅग घेऊन नेहमीच्या बसने निघालो. वर्ध्याला उतरून करायला काहीच नव्हतं. बाजार होता, गेलो. कडुनिंबाखाली पोतं पसरलेलं. पाठमोरी बाई सांबार निवडत होती. मनकर्णाबाईला गोड बोलून उठवायचं, असं ठरवून पुढे झालो. मनकर्णाबाई शेजारच्या पोत्यावरून म्हणाली, आज डुटी नाई का जावई?
बाई वळली. रंजिता.
तिने एकही बाजार चुकवला नव्हता. मनकर्णाबाईनेच सांगितलं. खूप लाज वाटली. थोड्या वेळाने लाजही गेली.
रंजिताने माझ्या बुटांकडे पाहिलं आणि सरकून बसायला जागा केली. मी तराजूला हात लावला तर म्हणाली, पयले काई दिवस नुसतं पाहा. तोवर दोन चहा सांगून या.
सांगून आलो. ते मला येतं.